भाठ्यावरचा सहा टिपक्यांचा किडा

सन अठ्ठावनात भिलाईत जो तो वर पाहत चालायचा. वर क्रेनची सोंड फिरून राहिली असायची, भट्टीचा सांगाडा दर हप्त्याले उंच व्हायचा, अन् गावाकडून आलेला नवा माणूस तोंड उघडं टाकून ते पाहता पाहता पायपाच्या नालीत पडायचा. केवलराम कधी पडला नाही. त्याची नजर खालीच. मुंगळ्यांची रांग कुठून निघाली अन् कुठं घुसली, कोणत्या ढेकळाखाली कोण बसला हाय, हे त्याले चालता चालता दिसायचं. अख्ख्या भिलाईत दहा हजार माणसं आली असतील तेव्हा, पण तशी नजर घेऊन एकच आला होता.

ही नजर त्याची जन्माचीच. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी त्याइचं गाव. चौथीत असताना मास्तरनं विचारलं, मुंगीले पाय किती? केवलराम म्हणे सहा. मास्तर म्हणे चार, गाईले चार तं मुंगीले चार. केवलरामनं सदऱ्याच्या खिशातून एक जिवंत मुंगळा काढला अन् टेबलावर ठेवला. मास्तरनं चष्मा लावून मोजले. सहा भरले. मंग शाळेत मुंगळा आणला म्हणून केवलरामले सहा छड्या बसल्या. चौथीनंतर शाळा सुटली, पण मास्तर त्याच्यापुढं पाय मोजल्याशिवाय बोलला नाही.

भिलाईले त्याले आणलं मोठ्या भावानं, मारोतरावनं. मारोतराव रिगर होता. त्याच्या शिट्टीवर लोखंडाचा गर्डर आभाळात जायचा अन् तो थांब म्हणे तिथं थांबायचा. रशियन साहेबानं एकदा सगळ्याइसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, हे पाहणारी माणसं आजही हायेत. त्यानंच शब्द टाकून धाकट्याले सर्व्हेच्या गँगमध्ये खलाशी म्हणून लावलं. पावर हाउसजवळच्या टिनाच्या लाइनीत एका खोलीत तिघं राहत: मारोतराव, त्याची बायको नलू, अन् केवलराम.

खलाशाचं काम म्हणजे मोजमापाची साखळी ओढायची, आकडे लिहिलेली लांब पट्टी सरळ धरून उभं राहायचं, अन् जागोजागी लाकडाच्या खुंट्या ठोकून त्यावर चुन्याचा टिपका द्यायचा. टिपका पाहूनच मंग कुठं रस्ता, कुठं क्वार्टर ते ठरायचं. पण दिवाळीपर्यंत सेक्टरच्या खुंट्या ठोकून झाल्या का गँग तुटणार होती. मस्टरवरची नावं कटणार, अन् केवलरामले गावाकडं परत जाऊन काकाच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवावा लागणार.

त्याच टायमाले खबर आली का मलेरिया खात्यात एक माणूस घेऊन राहिले. त्याचं काम काय, तं गावोगावचे खड्डे, डबकी पाहायची, डासाच्या अळ्या धरायच्या, शिशीत घालायच्या अन् कुठं सापडल्या ते लिहायचं. पोस्टचं नाव इन्सेक्ट कलेक्टर.

केवलराम त्या रात्री जेवला नाही. जे तो लहानपणापासून चोरून करून राहिला होता, ते कोणाचं काम असू शकते, हे त्याले पहिल्यांदाच समजलं होतं.

मारोतरावनं मात्र दुसऱ्या दिवशी नळावरच जाहीर करून टाकलं. "आमचा केवल्या कलेक्टर होऊन राहिला!"

शेजारची बेबीताई घागर ठेवून म्हणे, "अगं माय! कोण्या जिल्ह्याचा?"

"किड्यांच्या," नलू म्हणे. "अन् भाऊजी अजून झाले नाहीत. ह्याइचं तोंड आधीच झालं."

मलेरियाचे साहेब होते विजयकुमार. नागपूरचे, जवान माणूस, सायन्स शिकलेले. डासाचं काम नोकरीचं, पण त्याइले सगळ्याच किड्यांचं वेड. कलकत्त्याले किड्यांचे जाणकार होते, त्याइच्याकडं भिलाईचे किडे टाचणीले लावून पाठवायचे. केवलराम त्याइच्या टिनाच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला तं साहेब म्हणाले, "चौथी पास? हरकत नाही. मला कागद नको. एक असा किडा आण जो माझ्याकडे नाही, आणि तो कुठे सापडला ते स्वतःच्या हातानं या रजिस्टरात लिही. मग पाहू."

पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील. सकाळचा टाइम होता. पावर हाउसकडून सेक्टराकडं नवा रस्ता निघून राहिला होता, दोन्ही बाजूले काळ्या जमिनीची वावरं. केवलराम रस्त्याच्या कडेले पट्टी धरून उभा. दुर्बिणीतून पाहत ओव्हरसियर ओरडला, "पट्टी सीधी रख!" पट्टी अजून वाकडी झाली. मंग पट्टीच आडवी पडली, अन् केवलराम रांगून राहिला होता.

त्याच्यासमोरून एक काळा किडा पळत होता. बोटाएवढा लांब, घोड्यासारखे उंच पाय, पुढं कैचीसारखा जबडा. अन् काळ्याभोर अंगावर पांढरे, गोल, स्वच्छ टिपके. असा किडा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं चुन्याचा रिकामा डबा त्याच्यावर पालथा घातला.

तेच चुकलं. संध्याकाळी तो डबा घेऊन साहेबाकडं निघाला तं गँगचा हेड खलाशी भय्याजी मजा पाहायले मागं मागं आला. भय्याजी रायबरेलीकडचा, मिशा दोन्ही बाजूले वळवलेल्या. साहेबानं डबा उघडला अन् त्याइचे डोळे मोठे झाले. तेवढ्यात भय्याजी म्हणे, "साहब, ई दिन भर खूँटी पर चूने की बिंदी लगाता है. आज कीड़े को भी लगा दिहिस!"

साहेबाले हसू आलं. त्याइनं डब्याच्या तळाचा चुना पाहिला, किड्याचे टिपके पाहिले, अन् केवलरामकडं पाहिलं. 

"साहेब, देवाशपथ, मी नाही लावले."

"लावले असतील तर निघतील," साहेब म्हणाले, अन् त्याइनं कापसाचा बोळा ओला केला.

"हमका दीजिए," भय्याजी म्हणे. त्यानं किडा दोन बोटात धरला, तोंडाजवळ नेला, अन् बोळ्यानं पाठ घासली. किड्यानं शेपटाकडून फस्सकन एक पिचकारी मारली ते थेट मिशीवर. आंबट, झोंबणारा वास अख्ख्या ऑफिसात पसरला. भय्याजी "हाय दादा, जर गयी!" करत बाहेर हौदाकडं पळाला. किडा टेबलावर पडला, अन् टिपके जसेच्या तसे.

साहेबानं आधी स्वतः बाहेर जाऊन भय्याजीच्या तोंडावर पाणी मारलं. डोळे वाचले होते. मंग येऊन त्याइनं जाडं पुस्तक काढलं, पानं उलटवली, एका चित्रावर बोट ठेवलं. "मोज केवलराम. मानेमागच्या पाटीवर दोन, पाठीवर चार. सहा. अँथिया सेक्सगुटाटा. जमिनीवर धावून शिकार करणारा भुंगेरा आहे हा."

केवलरामनं ते नाव तोंडात दोनदा घोळवलं. नवरीचं नाव पाठ करावं तसं.

"नाव पुस्तकात सापडतं," साहेब म्हणाले. "घर सापडत नाही, ते धरणाऱ्यानं लिहायचं असतं. लिही."

केवलरामनं जीभ दातात धरून मोठ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: काळी जमीन, नव्या रस्त्याच्या बाजूले.

दोन दिवसांनी साहेब स्वतः जागा पाहायले आले. काळ्या जमिनीत पाणी मुरलेलं, बुटाले शेर शेर चिखल लागला. दोघाइनं धुरे-बांध पाहिले, ढेकळं उलटवली. गांडूळ निघाले, खेकडे निघाले. टिपक्यांचा किडा नाही.

साहेब रस्त्यावर येऊन बूट घासत म्हणाले, "केवलराम, पुस्तकात लिहिलंय, उघड्या कोरड्या जमिनीवरचा किडा. तू चिखलात सापडला म्हणतोस."

"इथंच सापडला साहेब. ह्या दगडापाशी."

"कुणी दिला तर नाही ना तुला? नोकरीसाठी माणूस काहीही लिहितो."

केवलरामनं बोटानं तोच दगड पुन्हा दाखवला. साहेब जरा नरमले, पण शब्द मागं घेतला नाही. "हे बघ, टिपक्याच्या किड्यानं कोणी मरत नाही. पण उद्या अळी एका डबक्यात सापडेल आणि तू दुसरंच डबकं लिहिशील, तर औषध भलत्या ठिकाणी पडेल आणि वस्तीत पोरं तापानं फणफणतील. मला खोटी जागा लिहिणारा माणूस चालत नाही. सोमवारपर्यंत दुसरा दाखव, इथलाच. नाहीतर मी दुसऱ्याला घेतो."

सोमवारले सहा दिवस होते. केवलराम कामावर जायच्या आधी वावरात, काम सुटलं का वावरात. गुडघ्यापर्यंत काळा होऊन घरी यायचा. त्याच्या गावात चांगली जमीन म्हणजे काळी, सगळं जिवंत तिथंच, लाल मुरमाड जमीन म्हणजे मेलेली. म्हणून तो पुन्हा पुन्हा काळ्यातच शोधून राहिला. भाकर ताटात तशीच राहायची.

"भाऊजी, किडा भेटंन तेव्हा भेटंन," नलू म्हणे. "तुम्ही वाळून किडा झाले."

मारोतराव हे सगळं पाहून राहिला होता. लोखंड उचलणारा माणूस, पण भावाचं ताट भरलेलं उठलं का त्याचाही घास उतरायचा नाही. शनिवारी तो पाळीवरून आला ते काखेत बिस्किटाचा डबा, अन् चेहरा असा जसा पूर्ण कारखाना एकट्यानं उभा केला.

"उघड."

केवलरामनं उघडला. आत तोच. काळा, उंच पायाचा. सहा टिपके.

"भाऊ! कुठं सापडला?"

"तुले काय कराचं? सोमवारी साहेबाले दाखव. म्हण, त्याच काळ्या जमिनीतला. झालं काम, लागली नोकरी."

"पण सापडला कुठं?"

"आभाळातून पडला माह्या गर्डरवर. मोज ना टिपके! कमी हायेत का?"

"जागा लिहा लागते, भाऊ."

"मंग लिही ना जागा! किडा साहेबाले सांगाले जाते का, का माहं घर तिकडं हाय म्हणून?"

केवलराम डबा मांडीवर घेऊन बसला. "मी खोटं लिहीन तं पहिलंही खोटं होईन. ते खरं हाय."

मारोतराव असा भडकला का टिनाची भिंत हादरली. "अख्ख्या लाइनीत सांगून बसलो मी! गावाले पत्र गेलं! अन् हा धर्मराज! जाय मंग, तुडव काकाचा चिखल!" अन् पायतण घालून बाहेर निघून गेला.

नलूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं अन् हळूच म्हटलं, "रागानं नाही गेले ते. तुम्ही गेल्यावर ही खोली त्याइले खायले उठंन, म्हणून गेले."

केवलराम डब्यातल्या किड्याकडं पाहत राहिला. किडा भिंतीवर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. उडत नव्हता. केवलरामनं काडीनं त्याच्या पाठीचं कवच उचलून पाहिलं. उचललंच नाही. दोन्ही झाकणं मधोमध जुळून गेलेली. पंख काढायले जागाच नव्हती.

तो उठून उभा राहिला. ज्याले उडता येत नाही, तो त्या चिखलात आला कसा?

मारोतराव परत आला तं केवलराम दारातच. "भाऊ, तुह्या पाया पडतो. कोणी दिला ते सांग."

मारोतरावनं बराच वेळ घोंगडं झटकलं. मंग म्हणे, "गयाबाईनं. नव्या रस्त्यावर मुरुम पसरवते ते. कामावरच्या सगळ्या रेजा बायाइले सांगून ठेवलं होतं मी, का असा किडा दिसला तं मले द्या. चार दिवस झाले सांगून."

रविवारी रस्त्याचं काम चालूच होतं. गयाबाई इथलीच, छत्तीसगढची, उतईकडच्या गावची. डोक्यावर टोपलं, टोपल्यात लाल मुरुम. केवलरामनं डबा उघडून दाखवला तं ते दोन पावलं मागं सरकली, पिचकारी तिलेही माहीत होती.

"बाई, हा इथंच राहते का? ह्या काळ्या जमिनीत?"

गयाबाई अशी हसली का टोपलं डोक्यावर हललं. "कन्हार म? नइ गा! ये तो भाठा के कीरा आय." काळ्या जमिनीले ते लोक कन्हार म्हणतात, अन् लाल, मुरमाड, काही न पिकणाऱ्या माळाले भाठा. मंग तिनं हनुवटीनं रस्त्यावर उभ्या ट्रककडं दाखवलं. "मुरुम संग आथे. ट्रक म."

केवलराम खाली पाहत राहिला. वावरं काळी होती, पण रस्त्याच्या कडेचा तो दगड, ज्याच्यापाशी त्यानं किडा धरला, तो लाल होता. दगडही इथला नव्हता. रोज पट्टी धरून तो त्या लाल ढिगांच्या मधात उभा राहायचा, अन् एवढा नजरेचा माणूस, त्याले हे दिसलं नव्हतं. गावचं डोकं घेऊन तो इथली जमीन पाहून राहिला होता.

मुरुम टाकून रिकामा झालेला ट्रक परत खदानीले चालला होता. केवलराम मागं चढला.

उतईच्या रस्त्यानं गेल्यावर डाव्या हाताले भाठा लागला. लाल, उघडा, दूरपर्यंत. टाचेले टोचणारे बारीक खडे, मधात मधात पिवळं गवत, एखादं वाकडं बोरीचं झाड. एका बाजूनं खदान खात चालली होती, बाकी तसाच. त्याच्या गावात अशा जमिनीवर ढोरही थांबायचं नाही. केवलरामनं पहिला दगड उलटवला. विंचू. दुसरा उलटवला, वाळवी. तिसऱ्याखाली एक गोल, कोरडं, साफ बीळ, अन् बिळाच्या तोंडाशी सहा पांढरे टिपके.

त्यानं धरला नाही. दगड हळूच परत ठेवला अन् बाजूले बसून राहिला. ऊन उतरलं तसे ते बाहेर निघाले. एक, दोन, करता करता पाच. चिखलात जो दीनवाणा पळत होता, तोच इथं राजासारखा धावत होता. थांबायचा, मान वर करायचा, अन् एका झेपेत नाकतोडा जबड्यात. वाटेत एक सरडा आला, टिपके पाहिले अन् बाजूनं निघून गेला. केवलरामले एवढा आनंद झाला का आजूबाजूले कोणी नसताना तो मोठ्यानं म्हणे, "वा रे बहाद्दर!"

मंग परत येताना, ट्रकमध्ये, त्याले सोमवार आठवला. साहेबानं मांगतला होता काळ्या जमिनीतलाच दुसरा. अन् रजिस्टरात केवलरामच्या अक्षरात ओळ होती, ते चुकीची. ते सांगितलं तं नोकरी जाईन. नाही सांगितलं तं डबा तयारच होता.

सोमवारी तो साहेबासमोर उभा राहिला. डबा टेबलावर ठेवला.

"सापडला?" साहेब म्हणाले. "त्याच जागी?"

"नाही साहेब. माही ओळ चुकली." अन् एका दमात त्यानं सगळं सांगून टाकलं. जुळलेली झाकणं, मुरुमाचा ट्रक, भाठा, तिसरा दगड, पाच किडे, नाकतोडा. "धरला मी तिथंच साहेब, ते खरं हाय. पण ते त्याचं घर नव्हतं. मी धरल्याची जागा लिहिली अन् तिलेच घर समजलो."

साहेबानं डबा जवळ ओढला. डब्यातला किडा पाहिला, मंग केवलरामकडं पाहिलं. "हा डबा नुसता माझ्यापुढे ठेवून 'त्याच जागी' म्हणाला असतास, तर मी मानलं असतं."

"हो साहेब. भाऊ बी तेच म्हणे." बोलून गेला अन् जीभ चावली.

"कोण भाऊ?"

आता लपवून काय होते? केवलरामनं तेही सांगितलं. साहेब खुर्चीत मागं टेकून एवढे हसले का बाहेरून शिपाई डोकावला. मंग त्याइनं रजिस्टर उघडून त्याच्यापुढं सरकवलं. "खोडू नकोस. एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि नवीन लिही."

केवलरामनं रेघ मारली अन् लिहिलं: उतईच्या रस्त्याकडचा भाठा. लाल मुरमाड जमीन. दगडाखाली बीळ. उडत नाही. काळ्या जमिनीवर मुरुमाच्या ट्रकनं आला.

"हा डब्यातला कुणी धरला? तिथे नाव लागतं."

केवलरामनं विचार केला अन् लिहिलं: धरला गयाबाईनं. आणला मारोतरावनं.

"पहिल्या तारखेपासून ये," साहेब म्हणाले. "आणि येताना तो भाठा मला दाखव, खदान तिथवर पोहोचायच्या आत."

पुढं सत्तावीस वर्षं केवलरामनं मलेरिया खात्यात नोकरी केली. कोणतंही डबकं दिसलं का आधी विचारायचा, हे पाणी इथलंच हाय का कोणी आणून टाकलं? तरणे साहेब आले, गेले. अळी पाहून जागा सांगणारा तोच एक होता, अन् ज्याले खोटं वाटंन त्यानं भिलाईत विचारून यावं.

पण त्या दिवशीची गोष्ट अजून राहिली. संध्याकाळी मारोतरावले समजलं का नोकरी लागली, अन् हेही समजलं का सरकारी रजिस्टरात आपलं नाव चढलं. आधी तो धाकट्यावर ओरडला, "माहं नाव कावून घातलं बे?" अन् मंग धुतलेला सदरा घातला, भांग पाडला, अन् ऑफिस बंद व्हायच्या आत साहेबासमोर जाऊन उभा राहिला. ओळीवर बोट ठेवून त्यानं ते दोनदा वाचली. गयाबाईचं नाव आपल्या आधी हाय, हे त्याले जरा खटकलं.

"साहेब, हे कलकत्त्याले जाते का?"

"याची नक्कल जाते. उद्या पोस्टात टाकणार."

मारोतराव भांगावरून हात फिरवून म्हणे, "तं पोस्टात जातानी आमच्या लाइनीतून नेजा साहेब. नळावर बाया असतात सकाळी."